जुंजी इतो यांची ‘उझुमाकी’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘उझुमाकी’ ही जपानी भयमांगा, म्हणजे चित्रांतून सांगितलेली भयकथा, घ्यावी का, घेतली तर काय अपेक्षा ठेवावी, आणि वाचून झाल्यावर जे खटकलं ते फक्त आपल्यालाच खटकलं का, हे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात. त्यांची उत्तरं इथे एकत्र देते आहे. माझं मत आधीच सांगते. निव्वळ शाई आणि कागदातून इतकी भीती उभी करणारं दुसरं पुस्तक मी वाचलेलं नाही. तरीही यातली काही प्रकरणं कच्ची आहेत, आणि पात्रांच्या बाबतीत लेखकाने हात आखडता घेतला आहे. शेवट फोडणारं उत्तर एकच आहे, तिथे तशी सूचना दिली आहे.

गोष्ट नेमकी कशाबद्दल आहे?

कुरोउझु नावाचं समुद्रकाठचं एक लहान, काल्पनिक जपानी गाव. एक जुनं बंद पडलेलं दीपगृह, गावाच्या मध्यावर एक तळं, आणि एका भागात ओळीने जोडलेली जुनी लाकडी घरं, आपल्याकडच्या बैठ्या चाळीसारखी. किरिए गोशिमा ही शाळकरी मुलगी आपल्याला गोष्ट सांगते. तिचा मित्र शुइची साइतो शेजारच्या शहरात शिकायला जातो. रोज बाहेर जाऊन परत येत असल्यामुळे, गावात राहणाऱ्यांना जे जाणवत नाही ते त्याला जाणवतं: या गावाला वेटोळ्याच्या आकाराने पछाडलं आहे.

पहिला बळी शुइचीचे वडील. गोगलगाईचे शंख, स्प्रिंगा, डासांच्या कॉइल, वेटोळ्याची नक्षी असलेलं कापड, जे दिसेल ते ते घरी आणतात. जेवताना वाटीतलं सूप ढवळून त्यातला भोवरा पाहत बसतात. बायको एक दिवस तो सगळा साठा फेकून देते आणि मग त्यांना कळतं की वेटोळं बाहेर शोधायची गरज नाही, ते स्वतःच्या शरीरातूनही काढता येतं. तिथून पुढे गाव हळूहळू आतल्या आत वळत जातं.

एका पुस्तकात संपते का? आधी दुसरं काही वाचावं लागतं का?

संपते, आणि आधी काहीही वाचावं लागत नाही. ‘बिग कॉमिक स्पिरिट्स’ या जपानी नियतकालिकात 1998-99 मध्ये ती क्रमशः आली, मग तीन खंड झाले. आपल्याकडचे बहुतेक वाचक व्हिझ मीडियाने 2013 मध्ये काढलेली एकत्रित, पुठ्ठा बांधणीची इंग्रजी आवृत्ती वाचतात. सहाशेहून जास्त पानं आहेत. 19 प्रकरणं आणि शेवटी ‘गॅलक्सीज’ नावाचं एक जादा प्रकरण. ते मुख्य कथानकाला जोडलेलं नाही. शेवटच्या प्रकरणानंतर ते लगेच वाचू नका. शेवटाचा जो परिणाम मनावर झालेला असतो तो त्याने उगाच विरतो. चार दिवसांनी वाचा.

जुंजी इतो कोण?

1963 साली गिफू प्रांतातल्या नाकात्सुगावा इथे जन्म. आधी ते दंततंत्रज्ञ होते, म्हणजे दातांच्या कवळ्या आणि साचे तयार करण्याचं काम करत. 1987 मध्ये ‘तोमिए’ ही कथा त्यांनी ‘हॅलोविन’ मासिकाच्या स्पर्धेला पाठवली. ज्यांच्या नावाने ती स्पर्धा होती ते काझुओ उमेझु हे जपानी भयमांगातले थोर नाव आणि लहानपणापासूनचे इतोंचे आवडते लेखक. त्या कथेला उल्लेखनीय म्हणून दाद मिळाली आणि पुढे इतो पूर्ण वेळ याच कामात आले. पुढे आयस्नर हा अमेरिकेतला मोठा कॉमिक्स पुरस्कार त्यांना मिळाला, 2021 मध्ये तर सर्वोत्तम लेखक-चित्रकार म्हणूनही. ‘उझुमाकी’ला 2003 मध्ये त्याच पुरस्काराचं नामांकन होतं.

कवळ्या बनवणाऱ्या हातांनी ही चित्रं काढली आहेत हे मला फार महत्त्वाचं वाटतं. अगदी छोट्या पृष्ठभागावर तासन्‌तास, न थकता काम करण्याची ती सवय पानापानावर दिसते.

एका आकाराची कसली भीती? भूत नाही, खुनी नाही, मग घाबरायचं कशाला?

हा प्रश्न पुस्तक न वाचलेल्यांकडून येतो, आणि तो अगदी रास्त आहे.

इतोंच्या मनात आधी वेटोळं नव्हतंच. लांबच लांब पसरलेल्या, एकमेकांना चिकटलेल्या घरांतल्या माणसांची गोष्ट त्यांना लिहायची होती. ते स्वतः लहानपणी तशाच घरात वाढले. ती लांबी पानावर कशी बसवायची, या विचारातून घरांची ओळ गुंडाळण्याची कल्पना आली आणि वेटोळं सापडलं. मग त्यांनी डासांच्या कॉइल निरखल्या, मोरीत उतरणारं पाणी पाहिलं, गोगलगाई पाळल्या. जपानी कॉमिक्समध्ये लहान मुलांच्या गालावर वगैरे काढलेलं वेटोळं हे गमतीचं, गोड चिन्ह असतं. तेच उलटं करून भीतीसाठी वापरायचं त्यांनी ठरवलं.

हा निर्णय या पुस्तकाचा कणा आहे. भुताला घराबाहेर ठेवता येतं, खुन्याला पकडता येतं. आकाराला कुठे अडवणार? तो पाण्यात आहे, वाऱ्यात आहे, केसांत आहे, बोटांच्या ठशांत आहे. शुइचीच्या आईचं प्रकरण याच टोकावर उभं आहे. नवऱ्याचं जे झालं ते पाहून तिला वेटोळ्याची धास्ती बसते आणि ती आपल्या शरीरातलं प्रत्येक वेटोळं नाहीसं करायला निघते. इस्पितळात मुलगा तिच्यापासून एक गोष्ट जिवापाड लपवतो: कानाच्या आत, शंखासारखा वळलेला एक भाग प्रत्येकाला असतो. वाचताना आपल्याला ते ठाऊक असतं, तिला नसतं, आणि पान उलटायला हात धजत नाही. ज्या शत्रूपासून पळायचं तो आपल्या आतच बसलेला आहे ही कल्पना इतक्या साध्या शारीरिक तपशिलातून कुणी मांडलेली मला माहीत नाही.

आणखी एक. पहिल्या पानांपासून गवताच्या पात्यांत, ओढ्याच्या पाण्यात, ढगांत बारीक वेटोळी काढलेली आहेत. सुरुवातीला लक्ष जात नाही. दोन प्रकरणांनंतर आपण प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात ती शोधायला लागतो. म्हणजे गावाला जो रोग झालाय तोच वाचकाला होतो.

चित्रांचं इतकं कौतुक होतं. त्यात खास काय आहे?

तीन गोष्टी सांगते. त्यांतली पहिली समजली की हे पुस्तक निम्मं समजलं.

पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं. म्हणजे उघड्या पुस्तकात उजवं पान आधी, डावं नंतर, आणि डाव्या पानाची शेवटची चौकट खाली डाव्या कोपऱ्यात. इतो त्या शेवटच्या चौकटीत बहुतेक वेळा एक चेहरा ठेवतात: काहीतरी पाहून गोठलेला. काय पाहिलं ते दाखवत नाहीत. ते पान उलटल्यावर दिसतं, पानभर किंवा दोन्ही पानं व्यापून. हा झटका सिनेमातल्या झटक्यापेक्षा वेगळा आहे. सिनेमात दिग्दर्शक दाखवतो आणि आपण पाहतो. इथे पान आपण उलटतो. काहीतरी भयंकर आहे हे चेहरा सांगून चुकलेला असतो, तरी आपल्याच बोटांनी आपण ते उघडतो. पहिल्या प्रकरणातला गोल लाकडी टब ज्यांनी पाहिला आहे त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल.

दुसरी गोष्ट रेघांची. किरिएचा चेहरा जवळजवळ रिकामा असतो, मोजक्या स्वच्छ रेषा. भयाची वस्तू मात्र हजारो बारीक, एकमेकींना छेदणाऱ्या रेघांनी भरलेली. एकाच चौकटीत हे दोन्ही आले की डोळा आपोआप गच्च काळ्याकडे ओढला जातो आणि तिथेच फिरत राहतो. डोळ्याला बाहेर पडायला वाट नसते. पुस्तक जसं पुढे सरकतं तसं पांढरं कमी होत जातं. शेवटच्या शे-दीडशे पानांत घरं, ढिगारे, आभाळ, सगळं रेघांनी इतकं दाटलं आहे की कथा कळायच्या आधी श्वास कोंडतो.

तिसरी गोष्ट संयमाची. भयंकर गोष्ट घडून गेल्यावर इतो बहुतेकदा थांबतात. आक्रोश, अंत्यसंस्कार, शोक यांना एखादी चौकट. अपवाद दहनाच्या धुराचा. तो धूर सरळ वर जात नाही, गावावर प्रचंड वेटोळं करतो आणि मधल्या तळ्यात उतरतो. गावकरी मान वर करून पाहत उभे आहेत, ते चित्र मला वर्षानुवर्षं विसरता आलेलं नाही. दहनाचा धूर पाहत वाढलेल्या आपल्यासारख्यांना ते जास्तच लागतं.

सर्वांत चांगली प्रकरणं कोणती?

पहिली दोन तर आहेतच, पण ती सगळेच सांगतात.

माझं सर्वांत आवडतं गोगलगाईचं. वर्गात काटायामा नावाचा एक मंद मुलगा आहे. तो फक्त पाऊस पडतो त्याच दिवशी शाळेत येतो, ओलाचिंब, संथ. मुलं त्याला छळतात. पुढे त्याच्या पाठीवर काय उगवतं याचा अंदाज कुणालाही येईल, त्यात धक्का नाही. धक्का आहे तो त्यानंतर शाळा जे करते त्यात. मुलगा गोगलगाय झाला, तर शाळा त्याला जाळीमागे ठेवते, आणि दिवस पुढे चालू राहतात. भयाला माणसं किती लवकर सरावतात, हे या प्रकरणाने जे दाखवलं आहे तेच पुढे उपासमारीच्या प्रकरणांत परत येतं आणि तेव्हा पोटात गोळा येतो.

दुसरं, बैठ्या घरांतल्या दोन वैरी कुटुंबांतल्या मुला-मुलीचं. गोष्ट जुनीच, पळून जाणाऱ्या प्रेमिकांची. पण सुटण्याचा जो मार्ग त्यांना सापडतो तो भयंकर आणि सुंदर यांच्या मधला आहे. या गावातून कुणी सुटलं म्हणायचंच असेल तर तीच दोघं.

कपाळावर चंद्रकोरीसारखा व्रण असलेल्या आझामीचं प्रकरणही चांगलं आहे. मुलांना आपल्याकडे खेचून घेण्याची सवय असलेली ही मुलगी शेवटी स्वतःच्याच व्रणात खेचली जाते. तिच्या डोळ्याचं ते एक चित्र पाहिलं की आठवडाभर आरशात बघताना चुकल्यासारखं होतं.

आणि सर्वांत कच्ची?

‘जॅक-इन-द-बॉक्स’. किरिएच्या मागे लागलेला, अचानक समोर उडी मारून दचकवणारा एक मुलगा गाडीखाली जातो आणि मग थडग्यातून परत येतो. यात वेटोळं आहे ते फक्त एका स्प्रिंगेपुरतं. बाकी ही साधी, कुठेही वाचायला मिळेल अशी प्रेतकथा आहे. ज्या पुस्तकाने आकाराच्या भयाला इतक्या उंचीवर नेलं त्यात आकार असा वरून चिकटवलेला पाहून वाईट वाटतं.

वादळाचं प्रकरणही मला पटत नाही. चक्रीवादळ किरिएच्या प्रेमात पडतं, तिचं नाव घेत गावावर घोंघावतं. चित्रं थरारक आहेत, पण निसर्गाची निर्विकार शक्ती आणि एका मुलीवर जडलेलं मन या दोन कल्पना एकमेकींचं बळ काढून घेतात. नंतर वाऱ्याच्या भोवऱ्यांवर स्वार होणाऱ्या टोळ्यांचं प्रकरण येतं, तिथे सूरच बदलतो आणि भयकथा थोडा वेळ मारामारीची गोष्ट होते.

साचाही खटकतो. मधल्या प्रकरणांत क्रम ठरलेला: नवं माणूस, त्याचं काहीतरी विचित्र, किरिए सापडते, शुइची धावत येतो, भयंकर शेवट. क्रमशः वाचणाऱ्याला हे जाणवलं नसेल. एका बैठकीत वाचणाऱ्याला नक्की जाणवतं. तेराव्या प्रकरणापासून सुटी सुटी गोष्ट थांबते, एक सलग कथा सुरू होते आणि पुस्तक पुन्हा घट्ट होतं.

किरिए गाव सोडून का जात नाही?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. शुइची तर पहिल्याच प्रकरणात तिला म्हणतो की चल, इथून निघून जाऊ.

पुस्तकाच्या शेवटच्या भागात याचं चोख उत्तर आहे: रस्तेच वळून परत गावात येतात. पण मधल्या भागात तसं काही नाही. तिच्या वर्गातली मुलं मरतात, तिचे स्वतःचे केस तिचा जीव घ्यायला निघतात, आणि पुढच्या प्रकरणात ती दप्तर घेऊन शाळेत. आईवडीलही जाण्याचं नाव काढत नाहीत. काही चाहते म्हणतात की हाच तर शापाचा प्रभाव, वेटोळं माणसाला मध्याकडे ओढतं. हा अर्थ लावता येतो, आणि लावायला छानही आहे. तरी मी तो पूर्ण मान्य करत नाही. ही पुसली जाणारी आठवण क्रमशः लेखनाची गरज होती, शापाची नाही. तिने एकदा जरी ‘मागच्या महिन्यात असंच झालं होतं’ असं घाबरून म्हटलं असतं, तर शापाचं ओझं दुप्पट झालं असतं.

पात्रं पोकळ वाटली. माझं काही चुकतंय का?

नाही. किरिए धीराची आहे, मायाळू आहे, सभ्य आहे. याहून जास्त तिच्याबद्दल सहाशे पानांनंतरही सांगता येत नाही. तिला काय व्हायचं होतं, कशाचा राग येतो, शुइचीवर प्रेम का आहे, काहीच नाही. ती आपल्यासाठी पाहते, हेच तिचं काम. शुइचीचं नुकसान जास्त झालं आहे. सुरुवातीला तो एकटाच जागा असलेला, म्हणून वेडा ठरलेला मुलगा आहे, भरपूर ताकदीचं पात्र. आईवडील गेल्यावर तो खोलीत कोंडून घेतो आणि मग फक्त ऐन वेळी येऊन किरिएला वाचवण्यापुरता उरतो.

इतोंच्या तरुण मुलींचे चेहरेही एकमेकींसारखे असतात. केशरचना बदलली नाही तर कोण कोण हे ओळखायला दुसऱ्यांदा पाहावं लागतं.

माणसांसाठी भयकथा वाचणाऱ्यांना, म्हणजे या कुटुंबाचं आता काय होणार या काळजीने रात्र जागवणाऱ्यांना, हे पुस्तक कोरडं वाटेल. त्यांना मी आग्रह करत नाही.

इस्पितळाच्या प्रकरणांबद्दल फार ऐकलं. ती खरंच इतकी त्रासदायक आहेत?

हो. दीपगृहात भाजल्यामुळे किरिए इस्पितळात आहे आणि तिथे तिची मामे-चुलत नात्यातली, गरोदर बहीणही दाखल आहे. डासांच्या एका थव्यापासून सुरू होऊन ही दोन प्रकरणं गरोदर बायका, रक्त, नवजात बाळं आणि नाळ यांच्याभोवती फिरतात. माझ्या मते ही पुस्तकातली सर्वांत भेदक पानं आहेत आणि सर्वांत वादग्रस्तही.

माझी अडचण चित्रांच्या किळसवाणेपणाशी नाही. डास, रक्त, पोटातलं बाळ आणि परत आत जाण्याची त्याची इच्छा, ही साखळी वेटोळ्याच्या कल्पनेशी अगदी पक्की जुळते. अडचण ही की त्या बायकांना स्वतःची बाजू मिळत नाही. त्या आधी भक्ष्य शोधणाऱ्या होतात आणि मग नुसती शरीरं उरतात. बाळंतपणाची भीती आईच्या आतून दाखवता आली असती. इथे ती बाहेरून, किळस म्हणूनच पाहिली आहे.

तुम्ही किंवा घरात कुणी गरोदर असेल, किंवा गर्भपाताच्या दुःखातून जात असेल, तर दहावं आणि अकरावं प्रकरण सरळ सोडून द्या. बाराव्यापासून वाचलं तरी कथेचा धागा तुटत नाही.

शाप कुठून आला हे का सांगत नाहीत?

आपण मराठी वाचक नारायण धारपांवर वाढलो. त्यांच्या समर्थ-कथांत अमंगळ शक्ती कितीही प्रबळ असली तरी तिला ओळखणारा, तिच्याशी झुंज देणारा कुणीतरी असतो. समर्थ आले की वाचकाला धीर येतो. ‘उझुमाकी’त असं कुणी नाही. मांत्रिक नाही, पुजारी नाही, पोथी नाही, उतारा नाही. एवढंच नाही, शापाला कुणावर राग आहे असंही दिसत नाही. पाप केलेले आणि न केलेले सारखेच वळतात.

अमेरिकी लेखक एच. पी. लव्हक्राफ्ट यांचा आपल्यावर प्रभाव असल्याचं इतोंनी सांगितलं आहे आणि तो इथे स्पष्ट दिसतो: विश्वात माणसाला काही स्थान नाही, जे आहे ते फार जुनं आहे आणि त्याला आपली दखलही नाही. कारण सांगितलं असतं तर उपायही शोधावा लागला असता. मला कारण नसणं हेच योग्य वाटतं. ज्यांना गूढाचा उलगडा झाल्याशिवाय चैन पडत नाही त्यांची निराशा होईल, हे मात्र खरं.

शेवट फसलाय का? (शेवट न वाचलेल्यांनी हे उत्तर सोडून पुढे जावं.)

माझ्या मते नाही. वादळांनंतर गावात फक्त जुनी बैठी घरं टिकतात. लोक त्यांतच दाटीने कोंबले जातात, घरांना घरं जोडत जातात, आणि ती जोडलेली घरं मिळून तळ्याभोवती एक महाकाय वेटोळं होतं. इतोंना जी लांब घरांची गोष्ट सांगायची होती ती अखेर इथे सांगून होते. तळ्याखालचं ते प्राचीन, वळणावळणांचं शहर दिसतं तेव्हा कळतं की गाव शापित झालं नव्हतं, गाव त्या शहरावर वसलं होतं. वेळही वळते: किरिए आणि शुइची चक्रव्यूहातून चालत मध्याकडे पोहोचतात तोवर इतर ठिकाणी कितीतरी काळ लोटलेला असतो. शेवटी दोघं एकमेकांच्या मिठीत वळतात, आणि पुढचं कुरोउझु वसेल तेव्हा हे सगळं पुन्हा होईल, असं किरिएच सांगते. या आकाराला दुसरा शेवट शक्यच नव्हता.

फसलं आहे ते त्याच्या अलीकडचं. धाकटा भाऊ मित्सुओ गोगलगाय होतो, भुकेल्या माणसांच्या तावडीतून त्याला निसटू द्यावं लागतं, आणि हा निरोप मोजक्या चौकटींत आटोपतो. आईवडील सापडतात ती पानंही अशीच घाईत जातात. पात्रं आधीपासून पातळ ठेवल्याची किंमत इथे चुकवावी लागते. भव्यता अंगावर येते, डोळ्यांत पाणी येत नाही.

काही ठिकाणी मला चक्क हसू आलं. चालतं का?

चालतं. इतोंच्या चित्रांत भय आणि हास्य यांच्यातली रेघ फार पुसट असते. केसांचं प्रकरण हे उत्तम उदाहरण: किरिएचे केस मोठमोठी वेटोळी करून लोकांना मोहात पाडतात आणि वर्गातली क्योको आपल्या केसांनी तिच्याशी चढाओढ करते. दोन केशसंभारांची झुंज पाहून हसू येणारच. पण लक्ष वेधून घेण्यासाठी मुलगी जिवाला मुकते हे त्याच पानांत आहे, आणि आज ते 1998 पेक्षा जास्त खरं वाटतं.

अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन मालिका) पाहिला तर पुस्तक वाचायची गरज आहे का?

आहे. सप्टेंबर 2024 मध्ये अ‍ॅडल्ट स्विम या अमेरिकी वाहिनीवर चार भागांचा कृष्णधवल अ‍ॅनिमे आला. घोषणा 2019 मधली, म्हणजे प्रतीक्षा मोठी होती. हिरोशी नागाहामा यांनी दिग्दर्शित केलेला पहिला भाग खरोखर देखणा आहे: इतोंची रेघ हलताना पाहणं हा वेगळाच अनुभव, आणि कॉलिन स्टेटसन यांचं संगीत अंगावर येतं. दुसऱ्या भागापासून चित्रांचा दर्जा इतका घसरला की प्रेक्षकांनी उघड नाराजी व्यक्त केली. त्यातच 19 प्रकरणांचा ऐवज चार भागांत कोंबल्यामुळे घटना एकमेकींवर आदळतात, भीतीला मुरायला वेळच मिळत नाही. 2000 सालचा हिगुचिन्स्की यांचा हिरवट छटेतला जपानी सिनेमा वातावरणासाठी पाहण्यासारखा आहे, पण त्याची वाट वेगळी आहे.

पान उलटणं हे पडद्यावर आणता येत नाही. पुस्तकाचं सामर्थ्य तिथेच आहे.

मोबाइलवर वाचली तर?

नका वाचू. एकेक पान सरकवत वाचताना समोरासमोरच्या दोन पानांचं चित्र तुटतं आणि बारीक रेघा एकमेकींत मिसळून राखाडी डाग होतात. टॅब आडवा धरून दोन्ही पानं एकत्र दिसत असतील तर ठीक. छापील प्रत परवडत नसेल तर मित्रांनी मिळून एक घ्या, किंवा गावातल्या वाचनालयाकडे मागणी नोंदवा. उलट्या दिशेची सवय वीसेक पानांत होते.

कोणत्या वयाला द्यावी?

सोळाच्या आत मी देणार नाही. स्वतःला इजा करणं, नरभक्षण, प्रेतं, बाळंतपणाची विद्रूप चित्रं, सगळं आहे. लैंगिक दृश्यं जवळजवळ नाहीत म्हणून काही पालक निर्धास्त होतात, ते चुकीचं आहे. मुलं मोठी असली तरी आधी दुसरं प्रकरण स्वतः वाचा आणि मग ठरवा.

एका बैठकीत वाचावी का?

पहिली बारा प्रकरणं रात्री एक या हिशेबाने वाचा. ती सुटी सुटी लिहिली गेली, आणि तशीच वाचली तर साचा बोचत नाही, प्रत्येक चित्राला मनात राहायला जागा मिळते. तेराव्यापासून शेवटपर्यंत मात्र थांबू नका. सुट्टीचा दिवस राखून ठेवा.

एवढं जाड पुस्तक घेण्याआधी चाखून पाहायला काही आहे?

इतोंची ‘द एनिग्मा ऑफ अमिगारा फॉल्ट’ ही छोटी कथा. भूकंपानंतर डोंगराच्या कड्यात माणसाच्या आकाराची भोकं उघडी पडतात, आणि लांबून आलेल्या लोकांना त्यांत आपापलं भोक ओळखू येतं. ‘ग्यो’ या त्यांच्या दुसऱ्या कादंबरीच्या पुस्तकात ती शेवटी जोडलेली आहे. अर्ध्या तासात वाचून होते. कारण न सांगणं, शरीराची ओढ, पान उलटण्याची धास्ती, सगळं तिच्यात आहे. ती वाचून ‘पण ती भोकं केली कुणी?’ हा एकच प्रश्न तुम्हाला सतावत राहिला, तर ‘उझुमाकी’ तुमच्यासाठी नाही. त्याऐवजी आपलं भोक कुठे असेल हा विचार मनात आला, तर आजच मागवा.